दाभणकाकांचं न दमणारं टार्गेट

काकूंनी सोडलेला बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्या गोलात अगदी बरोबर शिरला. तिथे तो थांबायला हवा होता, पण थांबला नाही. पलीकडून बाहेर पडला, मागच्या लोखंडी खांबावर आपटून तिरका झाला आणि कोचच्या, झाडाखाली लावलेल्या स्कूटरच्या सीटमध्ये जाऊन रुतला.

"बसला का, मॅडम?" काकूंनी धनुष्य खाली घेत विचारलं.

"बसला, काकू," कोच म्हणाली. "स्कूटरवर बसला."

कोच सव्वीस वर्षांची होती आणि काकू साठीच्या. तरी मैदानावर काकू तिला मॅडमच म्हणत. मैदानाबाहेर पडल्या की "अगं, नीट जेवतेस ना?" असं विचारत. त्या दिवशी मात्र मैदानाबाहेर पडल्यावरही त्या मॅडमच म्हणत राहिल्या, कारण स्कूटरच्या सीटमधून फोम बाहेर डोकावत होता.

अशा रीतीने ती सीट दाभणकाकांच्या दुकानात आली.

दाभणकाका म्हणजे काकूंचे यजमान. बसण्याचं आणि पडण्याचं जे जे म्हणून असतं, ते ते भरण्याचा आणि शिवण्याचा त्यांचा धंदा. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, काकांच्या खिशाला चाळीस वर्षं दाभण होता. त्यांचं खरं नाव आता फक्त मतदार यादीत उरलं होतं. गिऱ्हाइकाने नव्या सोफ्यावरून हात फिरवला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे : "माणूस बसून बसून दमेल, गादी दमणार नाही." हे वाक्य ते इतक्या थाटात म्हणत, की गिऱ्हाईक तिथल्या तिथे उभं राहून दमल्यासारखं करी.

काकूंनी एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले होते. निवृत्त झाल्यावर उजव्या हाताला काम राहिलं नाही, म्हणून तो हात भांडी आपटू लागला. एकदा बाजारातून येताना त्यांना जुन्या छापखान्यामागच्या मैदानावर तिरंदाजी चाललेली दिसली. पिशवी खाली ठेवून त्या अर्धा तास बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी नाव नोंदवून आल्या. "या वयात?" असं काका एकदाच म्हणाले. त्यानंतर मात्र दुकानात सुई घ्यायला आलेल्या माणसालाही ते बसवून घ्यायचे आणि "आमची ही धनुष्य चालवते, बरं का" असं सांगूनच सोडायचे.

सीटचं भगदाड बघून काकांनी आधी दाभण काढला, मग तो तसाच हातात ठेवून बायकोकडे बघितलं.

"टार्गेट असताना बाण इथवर आलाच कसा?"

"टार्गेट आहे हो. पण मधे नाहीये."

"मधे नाहीये म्हणजे?"

"म्हणजे कडेला आहे. मधे नुसतीच हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः मैदानावर गेले. चार टार्गेटं होती आणि चारांचीही तीच गत. कडा नव्या कोऱ्या, मधे मात्र हात घालून पलीकडच्या माणसाशी हस्तांदोलन करता यावं एवढं खिंडार. काकांनी एकेकाला पाठीवर थोपटून पाहिलं, जसा वैद्य रोगी बघतो, आणि मान हलवली.

"हे कुणी भरलंय?"

"विकत आणलंय, काका," कोच म्हणाली. "सगळे मधेच मारतात, मग मधेच झिजतं. आणि कमिटी नवीन टार्गेटं वर्षातून एकदाच देते. या वर्षीची देऊन झाली."

"सोफ्याचंही असंच असतं. अख्खा सोफा रिकामा असला तरी सगळे टीव्हीसमोरच बसतात," काका म्हणाले. "पण म्हणून सोफ्यातून माणूस पलीकडे गेल्याचं मी पाहिलं नाही."

तेवढ्यात क्लबचे सचिव आले. त्यांच्या काखेत नियमांची फाइल कायम असे. ती कुणी उघडलेली पाहिली नव्हती, पण तिच्यावर बोट आपटून ते बोलत.

"तीन आठवड्यांनी आपल्या मैदानावर स्पर्धा आहे," ते फाइल वाजवत म्हणाले. "टार्गेटं अशी असली तर ती नदीपलीकडच्या क्लबला जाईल. त्यांची टार्गेटं नवी आहेत. त्यांचा सचिव मला फोन करून करून त्यांच्याविषयी सांगतो."

काकांनी खिशाचा दाभण चाचपला. भरण्याच्या कामात कुणी आपल्या माणसांच्या पुढे जावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. शिवाय काकू शेजारीच उभ्या होत्या.

"तीन आठवडे म्हणजे फार झाले," काका म्हणाले. "असं टार्गेट करून देतो, की तुमचे बाण दमतील, टार्गेट दमणार नाही."

पहिलं टार्गेट त्यांनी चार दिवसांत केलं. काथ्या घेतला, पायांनी तुडवून तुडवून ठासला, वर दुहेरी तागाचं कापड आणि दाभणाचे घट्ट टाके. मैदानावर नेलं तेव्हा ते उचलायला तिघे लागले. काकूंनी बाण सोडला. "ठप्" असा भरीव आवाज आला. काकांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि "वा!" म्हणाले.

मग काकू बाण काढायला गेल्या. बाण निघेना. त्यांनी एक पाय टार्गेटवर रोवला आणि दोन्ही हातांनी ओढलं, तरी निघेना. कोचने मागून काकूंची कंबर धरली. टार्गेट हलू नये म्हणून काका त्याच्या मागे गेले आणि त्याला खांदा लावून उभे राहिले.

"ओढा!" काका मागून ओरडले.

दोघींनी ओढलं. बाण सुटला नाही. त्याऐवजी टार्गेट एकदा पुढे आलं, मग दोघींचे हात सुटल्याबरोबर मागे गेलं आणि आपल्या लाकडी पायांसकट काकांच्या अंगावर आडवं झालं. काकूंचं लक्ष बाणावर होतं. टार्गेट आडवं झालंय तर बरंच, असं समजून त्या त्याच्यावर चढल्या आणि बाण उभ्याने उपसू लागल्या.

नेमके त्याच वेळी सचिव फाटकातून आत आले. खालून काकांचे दोन पाय बाहेर आलेले आणि वर काकू बाण उपसतायत, एवढंच त्यांना दिसलं. त्यांच्या काखेतून फाइल पडली.

"नेम चुकला का?" त्यांनी हळूच विचारलं.

दुसऱ्या टार्गेटच्या वेळी काका सावध होते. बाणाच्या दांडीला कोरडा साबण चोळायचा, म्हणजे तो सहज निघतो, हे त्यांना सुचलं; दाभण जाड कापडात अडला की ते तेच करत. साबणाने काम झालं. बाण निघू लागले. पण काकांचं तेवढ्याने भागणार थोडंच! कापड फाटू नये म्हणून त्यांनी समोरच्या बाजूला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर ताणून ठोकलं. काकूंनी बाण सोडला. तो रबरावर आदळला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला, आणि आला तसा निम्म्या मैदानापर्यंत परत आला.

सगळे दोन पावलं मागे सरले. काकू तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"पत्ता अपुरा," त्या म्हणाल्या. "पाठवणाऱ्याकडे परत."

त्या संध्याकाळी काका घरी रबराचा एक तुकडा बोटांनी ताणत बसले होते. इतकी वर्षं त्यांनी माणसांसाठी भरलं होतं. माणूस बसतो आणि उठतो. हा बाण मात्र आत शिरायला मागत होता, आत शिरला तर थांबायला हवा होता, थांबला तर निघायला हवा होता, आणि निघाला तर मागे खूण राहायला नको होती. इतक्या अटी त्यांना आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने घातल्या नव्हत्या.

समोर काकू घरातल्या जुन्या पावत्या लावत होत्या. पोस्टातल्या सवयीने पावत्यांचा गठ्ठा उभा धरून त्यांनी त्याला दोन बाजूंनी रबर लावलं होतं. एक पावती राहिली होती. गठ्ठा न सोडता त्यांनी ती बरोबर दोन पावत्यांच्या मधे सरकवली. ती आत गेली आणि गठ्ठा पुन्हा मिटला. मग "ही दुसऱ्या वर्षाची दिसतेय" म्हणून त्यांनी ती ओढून काढली. गठ्ठा परत मिटला.

काका ताडकन उठले. "पुन्हा कर!"

"काय?"

"तेच. घाल आणि काढ."

काकूंनी घातली आणि काढली. काकांनी असं सहा वेळा करायला लावलं. सातव्या वेळी काकूंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अगं, बाणाला समोरून अडवायचं नाही, मधून जाऊ द्यायचं!" काका आनंदाने म्हणाले. "फोमच्या पट्ट्या कापायच्या, पुस्तकाच्या पानांसारख्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, दोन फळ्यांमधे धरायच्या आणि सळयांना नट लावून आवळायच्या. बाण दोन पट्ट्यांच्या मधून जाणार. काढला की पट्ट्या पुन्हा मिटणार. आणि मधला तुकडा वेगळा ठेवायचा, चौकोनी ठोकळा. झिजला तर तेवढाच बदलायचा. अख्खं टार्गेट फेकायला नको!"

काकूंनी गठ्ठा खाली ठेवला. "एकतीस वर्षं मी हे रोज करत होते," त्या म्हणाल्या. "कुणी उठून उभं राहिलं नाही."

नवं टार्गेट पहिल्याच फटक्याला जमलं. बाण आत शिरला, निम्म्यात थांबला, दोन बोटांनी धरून काढला तर निघाला. मागे नुसती एक रेघ. कोचने त्या रेघेवर बोट फिरवलं आणि ती काकांच्या पायाच पडायला निघाली. काका "अगं अगं" म्हणत मागे सरले, पण फार मागे नाही.

अडचण एकच होती. पट्ट्या दाबून बसवायच्या म्हणजे फोम फार लागतो. एका टार्गेटला दुकानातला साठा संपला. दुसऱ्याला शेजारच्या चार दुकानांतली कात्रणं संपली. तिसऱ्याच्या वेळी काका घरात फिरू लागले. काकूंना आधी उशी पातळ वाटली, मग रात्री पाठीला फळी टोचू लागली. सकाळी त्यांनी गादीची चेन उघडून बघितली, तर आत वर्तमानपत्रं.

"अहो, हे काय?"

"तुझंच टार्गेट आहे, दुसऱ्याचं नाही," काका म्हणाले. काकूंनी चेन लावून टाकली. वर्तमानपत्रावर झोपूनही त्या दिवशी त्यांचा नेम फार चांगला लागला.

घरातल्या सोफ्याचा फोमही गेला होता. वर कव्हर तेवढं ताणून ठेवलेलं होतं, दिसायला जसंच्या तसं. त्यावर सचिव येऊन बसले. म्हणजे ते बसायला गेले, आणि आत गेले. गुडघे छातीला टेकले, फाइल डोक्यावर आली. काकांनी एक हात धरला, काकूंनी दुसरा, आणि आता सरावाने त्यांना ओढण्याची पद्धत चांगलीच जमली होती.

"मी माझ्या सोफ्याचं विचारायला आलो होतो," काकू चहा टाकायला आत गेल्यावर सचिव कपडे झटकत म्हणाले. "तुमच्या दुकानात दिलाय तो. त्याचं असं होणार नाही ना?"

"छे हो!"

"फक्त कव्हर बदलायचं. फोमला हात लावायचा नाही. तीस वर्षांचा आहे, पण मूठ दाबली तर आजही अशी उसळून वर येते. असला फोम आता मिळत नाही. स्पर्धा झाली की मी घेऊन जातो, दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे येणार आहेत."

"निश्चिंत राहा. कोपऱ्यात कापडात गुंडाळून ठेवलाय. माझाही हात त्याला लागत नाही."

आणि खरंच काकांचा हात त्याला लागला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी चौथ्या टार्गेटचा मधला ठोकळा तेवढा राहिला होता. सळयांचे नट कमी पडले, म्हणून काका बाजारात निघाले. जाता जाता दुकानाच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "दाराच्या डावीकडच्या कोपऱ्यात फोम आहे, त्याच्या चार-चार बोटांच्या पट्ट्या कापून ठेव. आल्यावर आवळतो."

काका तेव्हा बाहेर तोंड करून उभे होते. काकू आत होत्या, दाराकडे पाठ करून. त्यांनी आपल्या डावीकडे बघितलं, कापडात गुंडाळलेला फोम काढला आणि एकसारख्या, रेषेवर रेष, अशा पट्ट्या कापून ठेवल्या. पोस्टात दिलेल्या पत्त्यावर शंका घ्यायची त्यांना सवय नव्हती.

काका परतले. पट्टी हातात घेऊन त्यांनी दाबली. ती उसळून वर आली.

"आपल्याकडे असला माल होता?" ते चकित होऊन म्हणाले. "बघ, माणसाला स्वतःच्या दुकानाची किंमत नसते."

ठोकळा आवळून झाला. कोच टेम्पो घेऊन आली आणि चौथं टार्गेट मैदानावर घेऊन गेली. त्यानंतर तासाभराने काका सचिवांच्या सोफ्याला कव्हर चढवायला बसले. सांगाडा होता. कव्हर होतं. काकांनी एका कोपऱ्यात बघितलं : भंगार फोमचा ढीग, हात न लागलेला. दुसऱ्या कोपऱ्यात बघितलं : घडी घातलेलं कापड.

"अगं," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "डावीकडचा म्हणजे कुणाच्या डावीकडचा?"

काकूंनी एकदा सांगाड्याकडे पाहिलं आणि त्या खाली बसल्या. "पत्ता नीट सांगायला हवा होता तुम्ही," त्या म्हणाल्या.

सकाळी मैदान माणसांनी भरून गेलं. नदीपलीकडच्या क्लबची माणसं पांढऱ्या टोप्या घालून आली होती आणि त्यांचे सचिव सगळ्यांत पुढे. चारही टार्गेटं रांगेत उभी होती, पाठीला फळ्या, कडेला चकाकणारे नट. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आपलं काम असं उन्हात, रांगेने, लोकांपुढे उभं राहिलेलं त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं. सोफे लोकांच्या घरात जातात आणि मग त्यांच्यावर माणसं बसतात. काम दिसत नाही. आज काम दिसत होतं. चार नंबरकडे बघायचं टाळलं तर छाती भरून येत होती.

"टिकणार का पण हे?" पाहुण्या सचिवांनी विचारलं.

अभिमान वाईट. तोंड उघडू नये हे काकांना कळत होतं, पण ते उघडलंच. "वर्षभर खड्डा पडणार नाही! मूठ जाईल एवढा खड्डा कुणी पाडून दाखवावा, मी दाभण खाली ठेवीन."

आपले सचिव प्रत्येक टार्गेटची तपासणी करत चार नंबरपाशी आले. त्यांनी मधल्या ठोकळ्यावर मूठ दाबली. ठोकळा उसळून वर आला. सचिव थबकले. पुन्हा दाबली. पुन्हा वर आला.

"हा फोम," ते हळूहळू म्हणाले, "ओळखीचा वाटतो."

काकांनी कोचकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि शेवटी खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. "साहेब, तो तुमच्याच घरचा आहे. माझी चूक झाली. काल दुपारी कळलं, तोवर नट आवळून झाले होते. तुमचा सोफा मी माझ्या हाताने, नव्याने भरून देईन. पाहुणे येईपर्यंत."

सचिवांचं तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली आणि सगळ्यांना रेषेमागे जावं लागलं. त्या शिट्टीच्या वेळापत्रकावर नियमानुसार सचिवांचीच सही होती, त्यामुळे तेही गेले.

पन्नाशीवरच्या गटात चार बायका होत्या आणि चार टार्गेटं. चिठ्ठ्या टाकल्या. काकूंना चार नंबर आला.

पहिला बाण ठोकळ्यात शिरला तेव्हा सचिवांनी स्वतःच्या कमरेवर हात दाबला. दुसऱ्याला डोळे मिटले. "तिथे मी वर्तमानपत्र वाचायचो," ते पुटपुटले. तिसऱ्या बाणानंतर "तिथे आमची ही बसायची" एवढंच म्हणून त्यांनी पाठ फिरवली. काका त्यांच्या शेजारी अपराध्यासारखे उभे होते, पण काकूंचा बाण पिवळ्यात बसला की त्यांच्या तोंडून "वा!" निघायचंच. मग ते सचिवांकडे बघून "म्हणजे, वाईट झालं" असं म्हणायचे.

दुपारपर्यंत वारं फिरलं. पाहुण्या क्लबची माणसं जेवणाच्या सुट्टीत टार्गेटांभोवती जमली. कुणी नट मोजतंय, कुणी पट्ट्यांच्या रेघांवर बोट फिरवतंय. त्यांचे सचिव चार नंबरपुढे बराच वेळ उभे राहिले.

"बाण कसा लोण्यात गेल्यासारखा जातो, आणि खिळल्यासारखा राहतो," ते म्हणाले. "आमची नवी टार्गेटं याच्यापुढे काहीच नाहीत. हा मधला फोम कुठला?"

काका काही बोलणार, तोच आपल्या सचिवांनी माइक हातात घेतला. फाइल पोटाशी धरून ते ताठ उभे राहिले.

"सभ्य स्त्री-पुरुषहो, चार क्रमांकाच्या टार्गेटचा मधला ठोकळा माझ्या सोफ्याचा आहे! तीस वर्षं मी स्वतः त्यावर बसून तो तयार केलेला आहे!"

टाळ्या पडल्या. काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच श्वासात त्यांना किंचित राग आला. भरलं कुणी, आवळलं कुणी, आणि टाळ्या बसणाऱ्याला!

अंतिम फेरीत काकू आणि नदीपलीकडची एक उंच, निवृत्त नर्स अशा दोघीच उरल्या. नर्सबाईंचा हात असा स्थिर, की बाण सोडताना त्यांच्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. काकूंनी चष्मा पुसला, पाय रोवले आणि कुणाकडेही न बघता एकामागून एक बाण सोडले. प्रत्येक बाण आधीच्या बाणाला खेटून. शेवटी शेवटी ठोकळ्यातून वेगळाच, पोकळ आवाज येऊ लागला. चाळीस वर्षं फोमशी बोललेल्या काकांना त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांच्या आधी कळला. आपलं टार्गेट दमत होतं.

काकू एका गुणाने हरल्या. नर्सबाईंनी पुढे येऊन त्यांना मिठी मारली. पाहुणे सचिव मात्र चार नंबरकडे धावले. त्यांनी बाण काढले, वरचा रंगीत गोलांचा कागद बाजूला केला, मूठ वळली आणि ती ठोकळ्यात घातली. मनगटापर्यंत गेली.

"पडला!" ते मूठ तशीच आत ठेवून ओरडले. "वर्षभर म्हणाला होतात! एका दिवसात पडला! ठेवा तो दाभण खाली!"

सगळं मैदान काकांकडे बघू लागलं. काकांनी शांतपणे खिशाचा दाभण काढला आणि गवतावर ठेवला. कोचला वाटलं, काका आता रडतील. पण काका टार्गेटपाशी गेले, पाहुण्यांची मूठ हळूच बाहेर काढली आणि खड्ड्यात स्वतःची घातली. कडा एकसारख्या होत्या, गोल, जणू काही कंपास लावून कोरलेल्या. इकडे नाही, तिकडे नाही.

"पडला तर पडला," काका म्हणाले, आणि त्यांची मान इतकी ताठ झाली की शर्टाचं वरचं बटण सुटलं. "पण कुणी पाडला, ते विचारा की! माझं काम हरवायला बाहेरून कुणी आलं नाही. आमच्या घरातलंच माणूस लागलं!"

एवढं बोलून त्यांनी पान्याने नट सोडवले आणि मधला ठोकळा काढून छातीशी धरला.

"इकडे द्या तो," सचिव म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? फोम माझा आहे. मी तो काचेच्या कपाटात ठेवणार आहे. खाली पट्टी लावीन : सचिवांचा सोफा."

"तुम्हाला नवा सोफा भरून देतोय ना मी! हा ठोकळा माझ्या दुकानात दर्शनी भागात लागणार."

"फोम माझा!"

"फोम तुमचा असेल. पण खड्डा आमच्या हिचा आहे!"

"माझ्या फोमशिवाय खड्डा पडला असता का?"

"आणि खड्ड्याशिवाय तुमच्या फोमला कुणी कपाटात ठेवलं असतं का?"

हा मुद्दा सचिवांना बिनतोड वाटला, पण ठोकळ्याचं एक टोक त्यांनी सोडलं नाही. दुसरं काकांनी सोडलं नाही. पाहुणे सचिव आळीपाळीने दोघांच्या बाजूने बोलू लागले. नियमांच्या फाइलमध्ये याविषयी काही आहे का, ते बघण्यासाठी ती इतक्या वर्षांत प्रथमच उघडण्यात आली. आत नुसते कोरे कागद निघाले.

काकू तोवर गळ्यात दुसऱ्या क्रमांकाचं पदक घालून, हातात पाण्याची बाटली घेऊन तिथे आल्या. त्यांनी दोघांची ओढाताण थोडा वेळ पाहिली. मग बाटली कोचकडे दिली, दोघांच्या हातांतून ठोकळा काढून घेतला, तो फिरवला आणि मागच्या बाजूवरून तळवा फिरवला.

बाण निम्म्यातच थांबत होते. मागची बाजू कोरी करकरीत होती.

"हा कुठे कपाटात ठेवताय?" त्या म्हणाल्या. "अजून अर्धा शिल्लक आहे. उलटा करून लावा."

काकांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी काकांकडे पाहिलं. मग दोघांनी ठोकळ्याची एकेक बाजू धरली, तो टार्गेटमध्ये उलटा बसवला, आणि एकाने सळई धरली, दुसऱ्याने नट आवळले. शेवटचा नट आवळून दोघे कौतुकाने आपल्या कामाकडे बघत उभे राहिले.

"झालं का?" तीस मीटरवरून काकूंचा आवाज आला. त्यांनी धनुष्य उचललं होतं. "तो एक गुण कुठे गेला, ते मला बघायचंय. बाजूला व्हा दोघं."